पाण्याच्या यंत्रणेतील एआय : पेटंट मोठ्या कंपनीचे, नोटीस छोट्या पुरवठादाराला

पेटंट मिळाले म्हणजे हक्क पक्का झाला, अशी समजूत बाजारात सर्रास आढळते. पेटंटवाल्याला वाटते की आता आपण कोणालाही रोखू शकतो. आणि ज्याच्या हातात वकिलाची नोटीस पडते त्याला वाटते की आता आपला धंदा बुडाला. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांच्या यंत्रणेत आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सर्वजण एआय म्हणतात ती, शिरली आहे. या क्षेत्रात तर या समजुती फार महागात पडण्यासारख्या आहेत.

आम्ही धंद्याने कापडवाले. आमचा पाण्याच्या यंत्रणेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे, कापड रंगविणारी प्रोसेस हाउसे पाण्यावरच चालतात आणि वापरलेले पाणी शुद्ध करूनच सोडण्याची त्यांच्यावर सक्ती आहे. दुसरे म्हणजे, आमच्या वाचकांपैकी कित्येकजण नगरपालिका व महापालिकांना पाइप, व्हॉल्व्ह, मीटर, पंपांचे पॅनेल असा माल पुरवितात. पूर्वी टेंडरमध्ये नुसता माल मागत असत; आता मालाबरोबर सॉफ्टवेअरही मागतात. सॉफ्टवेअर मालात आले की त्याच्या मागोमाग पेटंटही आले. म्हणून हा विषय समजून घेणे आम्हांला जरुरीचे वाटते.

ही यंत्रणा करते काय?

शहरात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला कोणत्या गल्लीत किती वाजता किती दाबाने पाणी जाते हे तोंडपाठ असते. एआय यंत्रणा तेच काम आकड्यांवरून शिकते. नळाच्या जाळ्यात ठिकठिकाणी दाब आणि प्रवाह मोजणारी उपकरणे बसवितात. रात्री दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले असतात, तेव्हा प्रवाह सर्वांत कमी असतो. एखाद्या भागात त्याच वेळचा आकडा वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर तेथे गळती असण्याचा संभव मोठा. पूर्वी धोक्याची घंटा ठरावीक आकड्यावर वाजत असे. आता उन्हाळा, सुटीचा दिवस, सणावाराची पहाट यांचा हिशेब धरून यंत्रणा तो आकडा स्वतःच ठरविते.

सांडपाण्याच्या केंद्रातही हाच प्रकार आहे. तेथे मैलापाण्यात हवा सोडून जंतूंकरवी घाण खाववितात. केंद्राच्या विजेच्या बिलापैकी निम्म्याच्या आसपास भाग साधारणतः या हवेवर खर्च होतो. हवा केव्हा वाढवायची व केव्हा कमी करायची हे एआयने अचूक ठरविले, तर बचत मोठी होते. जेथे बचत आहे तेथे पेटंट आहे, आणि जेथे पेटंट आहे तेथे आज ना उद्या तंटा आहे.

नव्वद वर्षांपूर्वीचा दाखला

योगायोग असा की, याच हवेवरून अमेरिकेत फार पूर्वी एक मोठा खटला झाला होता. मैलापाण्यात हवा सोडून मागे उरलेला जिवंत गाळ पुन्हा वापरायचा, ही पद्धत मँचेस्टर येथे ॲर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली जाहीर केली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे पुढे आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले. इकडे या पद्धतीची पेटंटे एका कंपनीच्या हाती गेली आणि तिने शहरांकडे पैसे मागण्यास सुरुवात केली.

अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९२५ च्या सुमारास या पद्धतीचे मोठे केंद्र सुरू केले होते. ॲक्टिव्हेटेड स्लज या कंपनीने शहरावर दावा लावला. शहराने पेटंटचा भंग केला आहे, असा निकाल लागला आणि खालच्या न्यायालयाने मनाई हुकूमही दिला. म्हणजे केंद्र बंद करा! १९३४ साली अपील न्यायालयाने भंग झाल्याचे कायम ठेवले, परंतु मनाई हुकूम काढून टाकला. कारण साधे होते. केंद्र बंद केले तर साऱ्या शहराचा मैला थेट मिशिगन सरोवरात जाणार, आणि मिलवॉकीच्याच नव्हे तर शेजारच्या गावांच्याही जिवाला धोका होणार. पेटंटवाल्याने पैसे घ्यावेत, गाव बंद पाडू नये, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. मनाई हुकमाला अपवाद म्हणून या निकालाचा दाखला अमेरिकेत वर्षानुवर्षे दिला गेला.

पाण्याच्या यंत्रणेवरील पेटंटचे सारे मर्म या एका खटल्यात आहे. हक्क सिद्ध झाला तरी हत्यार बोथट राहते. आजच्या एआय पेटंटवाल्यापुढे तर याखेरीज आणखी दोन अडचणी उभ्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिली अडचण : पेटंट टिकेल का?

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. एआय म्हणजे मुळात गणितच. मग दरवाजा बंदच आहे का? तसेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले की, शोधात संगणक प्रोग्राम आहे एवढ्यानेच त्याला नाकारता येत नाही. त्यातून तांत्रिक परिणाम साधतो का, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील निकाल या बाबतीत फार बोलके आहेत. रासायनिक कारखान्यातील धोक्याची मर्यादा गणिताने वेळोवेळी बदलण्याची पद्धत १९७८ साली पार्कर विरुद्ध फ्लूक या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पेटंटला अपात्र ठरविली. उलट १९८१ साली डायमंड विरुद्ध डीअर या खटल्यात संगणकाच्या हिशेबावरून रबराचा साचा नेमक्या क्षणी उघडण्याची पद्धत पात्र ठरली. २०१६ साली विजेच्या जाळ्यातील माहिती गोळा करून, तिचे पृथक्करण करून पडद्यावर दाखविणारे पेटंट फेडरल सर्किट न्यायालयाने रद्दबातल केले. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स या खटल्यात सांगितले की, सर्वांना ठाऊक असलेले मशीन लर्निंग नुसते नव्या क्षेत्रात लावले, एवढ्याने पेटंट मिळत नाही.

वाचकांनी यातून एक सोपी कसोटी ध्यानात ठेवावी. जी यंत्रणा नुसता आकडा दाखविते तिचे पेटंट कच्चे. जी आकड्यावरून व्हॉल्व्ह फिरविते, हवा कमी करते, प्रत्यक्ष पाण्यात फरक घडवून आणते, तिचे पेटंट त्या मानाने पक्के. पण यातही मेख आहे. पेटंट टिकविण्यासाठी मालकाला आपली हक्कमागणी विशिष्ट उपकरणाशी व विशिष्ट पायऱ्यांशी बांधावी लागते. जितकी ती घट्ट बांधली, तितके दुसऱ्याला एखादी पायरी बदलून बाजूने निघून जाणे सोपे.

दुसरी कसोटी आम्हां कापडवाल्यांच्या इतिहासातच आहे. रिचर्ड आर्कराइटने १७६९ साली सूत कातण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र पाणचक्कीवर चाले म्हणून त्याला वॉटर फ्रेम हे नाव पडले. पुढे १७७५ साली त्याने पिंजण व इतर यंत्रांचे मोठे पेटंट काढले आणि गिरणीवाल्यांकडून वसुली सुरू केली. १७८५ साली ते पेटंट रद्द झाले. त्याविरुद्धचा एक मोठा आक्षेप असा होता की, अर्जातील वर्णन इतके मोघम होते की ते वाचून कोणाला यंत्र बांधता येऊ नये. आपल्या कायद्यातही कलम १० प्रमाणे शोध व तो अमलात आणण्याची उत्तम रीत पूर्णपणे लिहून द्यावी लागते. न दिल्यास कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकते. एआयचे खरे बळ कोणत्या माहितीवर तिला शिकविले यात असते, आणि नेमके तेच कंपन्या सांगायला तयार नसतात. सांगावे तर गुपित फुटते, न सांगावे तर पेटंट डळमळते.

दुसरी अडचण : भंग सिद्ध कसा करणार?

साडीच्या डिझाइनची नक्कल झाली तर दोन्ही साड्या टेबलावर ठेवून दाखविता येतात. एआयची नक्कल दिसत नाही. मीटर पालिकेचा, केबल ठेकेदाराची, हिशेब करणारा सर्व्हर तिसऱ्याच कंपनीचा आणि तोही कदाचित परदेशात. शेवटी व्हॉल्व्ह फिरविणारा माणूस पुन्हा पालिकेचा. पेटंटमध्ये पाच पायऱ्या असतील आणि त्या चार जणांनी मिळून केल्या असतील, तर भंग केला कोणी?

ब्लॅकबेरी फोनच्या खटल्यात हाच प्रश्न आला होता. त्या कंपनीचा एक मुख्य सर्व्हर कॅनडात होता आणि पेटंट अमेरिकेचे होते. २००५ साली न्यायालयाने असा भेद केला की, संपूर्ण यंत्रणेवरील हक्कमागणीचा भंग अमेरिकेत होऊ शकतो, कारण तिचा वापर व लाभ तेथेच होतो. पण पद्धतीवरील हक्कमागणीचा भंग होण्यास प्रत्येक पायरी त्याच देशात घडली पाहिजे. अखेर २००६ साली ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. विशेष म्हणजे त्या तंट्यात अमेरिकेचे सरकारच न्यायालयात सांगत होते की, आमच्या कर्मचाऱ्यांचे फोन बंद पडता कामा नयेत.

तिसरी अडचण : न्यायालय पाणी बंद करील का?

आमच्या मते क्वचितच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ईबे खटल्यात ठरविले की, पेटंटचा भंग झाला म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळत नाही. सार्वजनिक हितासह चार कसोट्या पाहाव्या लागतात. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने रोश विरुद्ध सिप्ला या कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात २००८ साली तात्पुरती मनाई नाकारली, आणि तसे करताना रुग्णांचे हित विचारात घेतले. २०१५ साली त्याच प्रकरणात भंग झाल्याचे ठरले. परंतु पेटंटची मुदत संपत आली असल्याने मनाईऐवजी हिशेब देण्याचा हुकूम झाला. औषधाला जो न्याय, तो पिण्याच्या पाण्याला लागू होणार नाही असे मानण्यास आम्हांला कारण दिसत नाही.

त्याशिवाय आपल्या कायद्यात कलम ९९ व १०० आहेत. त्यांनुसार केंद्र सरकारला, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीला, सरकारी कामासाठी पेटंट वापरता येते. मोबदला मात्र द्यावा लागतो. पालिका या व्याख्येत बसते का, यावर वाद होऊ शकतो. ठेकेदाराने मात्र 'काम सरकारी आहे, म्हणून मला माफी' असे गृहीत धरू नये. लेखी अधिकार नसेल तर हे कलम त्याच्या कामी येणार नाही.

मग पैसे कोणाकडून?

आता मुद्द्यावर येऊ. यंत्रणा बंद होत नाही, पालिकेशी भांडणे परवडत नाही, सॉफ्टवेअर बनविणारा परदेशात आहे. मग पेटंटवाल्याच्या हाताला लागतो तो मधला माणूस. कायदाही त्याला तशी मुभा देतो. कलम ४८ प्रमाणे पेटंट असलेली वस्तू बनविणे हाच भंग नव्हे. ती वापरणे, विक्रीस मांडणे, विकणे आणि त्यासाठी आयात करणे हाही भंग आहे. पुरवठादार म्हणतो, "आम्ही काही बनविले नाही, आम्ही फक्त बिल फाडले." बिल फाडणे म्हणजेच विकणे.

शिवाय टेंडरच्या शर्तींमध्ये बहुधा एक कलम असते की, पेटंट वा तत्सम हक्कांबाबत कोणी मागणी केल्यास ठेकेदाराने पालिकेला पूर्ण भरपाई द्यावी. शंभर पानांच्या कागदपत्रात हे कलम कोठेतरी मागे असते. दर भरताना आपले लोक अनामत रक्कम, दंड आणि बिलाची मुदत बारकाईने पाहतात; हे कलम न वाचताच सही होते. नफा पाच टक्क्यांचा आणि जोखीम सगळ्या मालाची, असा हा सौदा होतो.

सही केली नसती तरी सुटका होती असे नाही. १९७५ साली इंग्लंडमध्ये मायक्रोबीड्स विरुद्ध विनहर्स्ट असा एक खटला झाला. रस्त्यावर पट्टे आखण्याची यंत्रे विकली गेली तेव्हा पेटंट प्रसिद्धच झाले नव्हते. नंतर ते झाले आणि खरेदीदाराच्या मागे पेटंटवाला लागला. न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार धरले, कारण खरेदीदाराला माल निर्वेधपणे वापरता येईल ही हमी विक्रीतच गृहीत असते. विक्रेता पूर्णपणे निर्दोष होता, तरीही. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १४ याच इंग्रजी कायद्याच्या वळणाचे आहे.

पुरवठादारांनी काय करावे?

१. माल घेताना बनविणाऱ्याकडून लेखी हमी घ्यावी की, पेटंटबाबत मागणी आल्यास खटल्याचा खर्च व भरपाई तो देईल. पालिकेला जेवढी हमी आपण दिली, तेवढीच वरून घ्यावी. बनविणारा परदेशी असेल तर हमी त्याच्या भारतातील कंपनीकडून घ्यावी; नाही तर ती वसूल करण्यासाठी परदेशी जावे लागेल.

२. टेंडरपूर्व बैठकीत लेखी विचारणा करावी की, पालिकेनेच ठरवून दिलेल्या रचनेमुळे भंग झाल्यास जबाबदारी कोणाची. भरपाईला ठेक्याच्या किमतीची मर्यादा घालण्याची मागणी करावी. एकट्याने विचारल्यास दुर्लक्ष होते. पाच-सहा पुरवठादारांनी मिळून विचारल्यास उत्तर मिळते.

३. नोटीस आली तर घाबरून चेक लिहू नये. प्रथम पेटंट कोणत्या देशाचे आहे ते पाहावे. अमेरिकेचे पेटंट भारतात चालत नाही. भारताचे असेल तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नंबर घालून ते जिवंत आहे का पाहावे. हा शोध फुकट आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते, आणि नूतनीकरणाची फी भरली नाही तर ते त्याआधीच संपते.

४. नोटीस आल्याची तारीख नोंदवून लिफाफा जपून ठेवावा. कलम १११ प्रमाणे पेटंट असल्याचे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे सबळ कारणही नव्हते, हे सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई घेता येत नाही. मालावर नुसता 'पेटंट' शब्द छापून भागत नाही, नंबरही लागतो. मात्र नोटीस मिळाल्यानंतर ही सबब चालणार नाही.

५. पोकळ धमकी असेल तर कलम १०६ खाली धमकी देणाऱ्यावरच दावा करता येतो. फक्त पेटंट असल्याचे कळविणे म्हणजे धमकी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

६. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर व पेटंट मिळण्यापूर्वी त्यावर कोणालाही हरकत घेता येते. पेटंट मंजूर झाल्याचे प्रसिद्ध झाल्यावर हितसंबंधी व्यक्तीला एक वर्षाची मुदत मिळते. चावीवाले व अभियंते वर्षानुवर्षे जे करीत आले त्यालाच कोणी नवा शोध म्हणत असेल, तर जुन्या नोंदवह्या, छापील अहवाल, टेंडरची कागदपत्रे हा मोलाचा पुरावा आहे. तो रद्दीत घालू नये.

आपल्या मुलांसाठी दोन शब्द

ही बाजू झाली घेणाऱ्या-विकणाऱ्यांची. आपल्यातील शिकलेली मुले अशी यंत्रणा स्वतः बनवू लागली, तर त्यांनी काय करावे? सर्व काही पेटंटमध्ये घालण्याचा हट्ट करू नये. उपकरण व त्याची प्रत्यक्ष क्रिया यांवर पेटंट मागावे, आणि अर्ज करण्यापूर्वी शोध कोठेही जाहीर करू नये. शिकविण्याची माहिती आणि आतले आकडे गुपित ठेवावेत. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा असावा अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ साली केली आहे. सध्या तरी नोकर व भागीदार यांच्याशी केलेला लेखी करार हाच मोठा आधार आहे. पालिकेशी करार करताना, गोळा झालेल्या आकड्यांवर मालकी कोणाची, हेही आधीच लिहून घ्यावे.

पाणी सर्वांचे आहे, आणि ते बंद पाडून कोणाचा हक्क शाबीत होऊ नये हे योग्यच आहे. परंतु पाणी बंद होत नाही म्हणून तंटा संपत नाही. तो पैशावर येतो, आणि पैसा ज्याचा कागद कच्चा त्याच्याकडून वसूल होतो. पुढच्या टेंडरची मुदत संपण्यापूर्वी आपल्या वाचकांनी एक संध्याकाळ काढून भरपाईचे ते कलम शोधावे, वकिलाला दाखवावे आणि मगच दर भरावा. वकिलाची फी ही मालाच्या किमतीतच धरावी, असा आमचा सल्ला आहे.